मोड

शुक्रवारी संध्याकाळी आई मटकी भिजत घालायची. शनिवारी ती उपसून अण्णांच्या जुन्या पंच्यात घट्ट बांधायची आणि मोरीजवळच्या खिळ्याला टांगून ठेवायची. रविवारी सकाळी गाठोडं सोडलं की पंच्याच्या विणीतून पांढरे मोड बाहेर आलेले असत, ते तुटू न देता कापड सोडवणं हे माझं काम. कोपरीतल्या आमच्या दीड खोलीला रविवारचा म्हणून एक वेगळा वास होता. ओलसर मटकी, कांदा-खोबऱ्याचं वाटण, खाडीकडून येणारा चिखलाचा वास आणि दारावरून जवला विकत जाणाऱ्या बाईच्या टोपलीचा वास. आज माझ्या डोंबिवलीच्या घरात मोड आलेली मटकी प्लास्टिकच्या पिशवीतून येते. मोड सगळे सारख्या लांबीचे असतात. तिला कसलाच वास नसतो.

अण्णांना जाऊन तीन महिने झाले. मी रोज एखादं पान लिहिते आणि थांबते. घाई कुणालाच नाही. ज्यांच्यासाठी लिहायला हवं होतं ते, एक माणूस सोडला तर, सगळे एकेक करून गेले, आणि बाकी जे उरलेत त्यांना या गोष्टीत रस असेल असं वाटत नाही. पण अण्णांच्या पुस्तकांची आवराआवर मीच करते आहे, आणि एका पुस्तकात मला जे सापडलं त्यामुळे माझ्या तरुणपणाचा एक तुकडा पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो आहे.

अण्णा तारेच्या कारखान्यात फिटर होते. रविवारी सकाळी आमच्या घरी अभ्यासवर्ग भरायचा. दहा-अकरा माणसं यायची, सगळी कारखान्यातली, आणि त्यांना शिकवायला डोंबिवलीहून सर यायचे. सर शाळेत इतिहास शिकवायचे. त्यांच्या शबनम पिशवीत इंग्रजी पुस्तकं असत, त्यातला उतारा ते आधी इंग्रजीत वाचत, मग त्याचं मराठी करून सांगत. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, तत्त्वज्ञान घेतलेलं, म्हणून वर्गाची वही माझ्याकडे. भिंतीवर दोन तसबिरी होत्या. त्यांच्यासमोर सकाळी वंदना झालेली असे, उदबत्तीची राख अजून गरम असे, आणि त्यांच्याच खाली सतरंजीवर बसून सर मार्क्सवादाकडे वळत. यात कुणाला काही विसंगत वाटत नसे. अण्णा म्हणायचे, दुःख आहे हे भिंतीवरच्या एकाने सांगितलं, ते कारखान्यात कसं तयार होतं हे पुस्तकातल्या दाढीवाल्याने सांगितलं.

त्या वर्षी सरांनी त्या जर्मन दाढीवाल्याचं तरुणपणीचं लिखाण घेतलं होतं. नंतरच्या जाडजूड ग्रंथातले आकडे आणि सूत्रं त्यात नव्हती. माणूस काम करतो आणि केलेलं काम त्याचं राहत नाही, ते परकं होऊन त्याच्यासमोर उभं राहतं; मग कामच परकं होतं, मग शेजारी काम करणारा माणूस परका होतो, आणि शेवटी तो स्वतःलाच परका होतो, असं ते होतं. सर त्याला परात्मभाव म्हणत. वर्गात तो शब्द कुणाच्या जिभेवर बसला नाही, पण गोष्ट सगळ्यांना पहिल्या रविवारीच कळली. सुदाम काका म्हणाले होते, "म्हंजे मी बनवलेली तार माझ्याच गळ्याला." सुदाम काका अण्णांच्या शेजारच्या मशीनवर होते, साताऱ्याकडचे, आमच्या गावापासून दोन डोंगर पलीकडचे. आमची जात वेगळी, त्यांची वेगळी, आणि तरी गेली कित्येक वर्षं त्यांचा आणि अण्णांचा डबा एकच होता. दोन्ही घरचे डबे उघडून मध्ये ठेवायचे आणि दोघांनी दोन्हींतलं खायचं.

अडचण सुरू झाली ती दाढीवाल्याच्या गुरूपाशी गेल्यावर. विचार पुढे कसा सरकतो हे समजल्याशिवाय बाकीचं समजणार नाही, असं म्हणत सरांनी द्वंद्ववाद काढला. 'निषेधाचा निषेध' हे सूत्र त्यांनी खडूने पाटीवर लिहिलं तेव्हा मागून कुणीतरी सवयीने मूठ वर करून "निषेध असो" म्हटलं आणि सगळे हसले. निषेध म्हणजे गेटवरचा, हेच सगळ्यांना माहीत. आपण मालकाचा निषेध केला, मालकाने उलटी नोटीस लावून आपल्या निषेधाचा निषेध केला, तर यात पुढे काय सरकलं, असा प्रश्न एकाने अगदी मनापासून विचारला. मग सरांनी सांगितलं की मूळ जर्मन शब्द निराळाच आहे. त्या एका शब्दाचे तीन अर्थ होतात, आणि तिन्ही एकाच वेळी घ्यायचे असतात. रद्द करणे, जपून ठेवणे, वर उचलणे. जुनं मोडतं, पण फेकलं जात नाही. ते नव्याच्या पोटात राहतं आणि नवं त्याला वर घेऊन येतं. याला मराठीत काय म्हणायचं?

आठ रविवार हा शब्द आमच्या घरात शोधला गेला. माझ्या वहीत त्याची पानं आहेत. 'निरसन' झालं, 'उन्नयन' झालं. सरांनी 'अतिक्रमण' सुचवलं तेव्हा सुदाम काका म्हणाले, "सर, मग पालिकेची गाडी येनार." त्यानंतर तो शब्द कुणी काढला नाही. आठव्या रविवारी आईने उसळीच्या ताटल्या पुढे ठेवल्या आणि सुदाम काका एक दाणा बोटांत धरून बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "मोड."

सरांनी विचारलं, ते कसं? काका म्हणाले, "आवो, दाणा फुटला, मोडला. पन गेला कुठं? हितंच हाय की, ह्याच्या बुडाला. आन् त्यातनंच वर आलाय. मोडलं ते बी मोड, आन् उगवलं ते बी मोड."

अण्णांचा चेहरा मला अजून दिसतो. ते काकांकडे असे बघत होते की जणू ही उसळ त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. सरांनाही आवडला शब्द, पण शास्त्रीय लिखाणात चालणार नाही म्हणाले, मोड म्हणजे सुट्टे पैसेही होतात. वहीत मी 'मोड (सुदाम काका)' असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

युनियनची पत्रकं लिहायचं काम अण्णांकडे असे, कारण त्यांचं मराठी चांगलं, आणि स्टेन्सिल कापायचं काम माझ्याकडे, कारण माझं अक्षर. अण्णा मजकूर कागदावर लिहून देत. खाडाखोड झाली तर ते खोडलेला शब्द गिरवून गिरवून काळा करत, खालचं एक अक्षरही वाचता येऊ नये म्हणून. माझी बोटं त्या काळ्या डागांनी बरबटत. तो कागद शेजारी ठेवून मी मेणाच्या स्टेन्सिलवर लोखंडी लेखणीने अक्षरं कोरायची. लेखणीचा खरखर आवाज दुपारभर चाले. अक्षर कोरताना शब्द दिसत नाही, नुसत्या रेघा आणि वळणं दिसतात, आणि ओळ संपेपर्यंत तिच्यात काय होतं हे डोक्यातून गेलेलं असतं. त्यामुळे चुका होत. एकदा मी 'मालकांची नवी चाल' ऐवजी 'मालकांची नवी चाळ' कोरलं होतं. पत्रक वाटलं गेल्यावर आठवडाभर लोक अण्णांना विचारत होते, खोल्यांचे अर्ज कुठे मिळतात. तेव्हापासून अण्णा प्रत्येक स्टेन्सिल खिडकीशी उजेडावर धरून वाचून बघत, मग गुंडाळी करून खोपटला नेत. तिथे एस.टी. डेपोमागे युनियनची खोली होती आणि स्टेन्सिलवरून प्रती काढायचं सायक्लोस्टाईलचं यंत्र.

मग संप झाला. कशावरून झाला हे इथे सांगत नाही, संपांची कारणं एकसारखीच असतात. चौथ्या महिन्यात आमच्या घरात उसळीत खोबरं पडेनासं झालं, पण रविवारची मटकी चुकली नाही. त्याच महिन्यात नऊ माणसं आत कामावर गेली आणि त्यांत सुदाम काका होते. त्यांची बायको कित्येक दिवस अंथरुणाला होती, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी अण्णांना आधी सांगितलं नाही. त्या रविवारी ते वर्गालाही आले नाहीत, आणि आईने काढलेली त्यांची ताटली तशीच राहिली.

कमिटीने ठरवलं, पत्रक काढायचं. नऊ नावं, पत्ते, आणि खाली एक ओळ: आत गेलेल्यांशी सर्वांनी संबंध मोडा. म्हणजे त्यांच्याशी कुणी बोलू नये, त्यांच्या घरी पाणी पिऊ नये, लग्न-मयताला जाऊ नये. अण्णा शनिवारी दुपारी घरी आले आणि लिहायला बसले. मी समोर होते. आईने कधी नव्हे ते मध्ये तोंड घातलं. ती म्हणाली, "तुमच्या हातानं लिहिणार हे?"

तिने असं का विचारलं ते मला ठाऊक होतं. अण्णा लहान असताना गावाने आमच्या वस्तीवर बहिष्कार टाकला होता. कशासाठी, ते अण्णांनी मला कधी नीट सांगितलं नाही. दुकानदाराने मीठ द्यायचं बंद केलं, गिरणीवाल्याने दळण बंद केलं, हे त्यांनी एक-दोनदा सांगितलेलं. पण त्यांना जे लागलं होतं ते वेगळंच. रस्त्यात ओळखीच्या माणसाला हाक मारावी आणि त्याने ओ देऊ नये. आठ वर्षांच्या पोराला वाटलं की आपला आवाजच गेला. परात्मभावाचा तो उतारा सर वाचत होते त्या रविवारी अण्णा उठून बाहेर गेले होते आणि बराच वेळ नळाशी उभे होते.

अण्णांनी पेन उचललं. लिहून झाल्यावर कागद माझ्यापुढे सरकवला आणि मला म्हणाले, "जसं आहे तसं काप, शालू." मला त्यांचा राग आला होता. ज्या माणसाने आम्हाला तो शब्द दिला त्याचं नाव सातव्या नंबरावर मी माझ्या अक्षरात कोरत होते. मी त्यांच्याकडे न बघता, कागदाकडेही धड न बघता कापत गेले. अण्णांनी स्टेन्सिल खिडकीशी धरली. नेहमीपेक्षा जास्त वेळ धरली. मग तिची गुंडाळी केली, माझ्यापुढचा कागद घडी करून खिशात घातला आणि ते खोपटला गेले.

सोमवारी सकाळी गेटवर पत्रक वाटलं गेलं. त्यात नऊ नावं होती, पत्ते होते, आणि खाली ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: आत गेलेल्यांशी सर्वांनी संबंध जोडा.

एका अक्षराचा फरक. काही लोक हसले, काहींना वाटलं युनियनने धोरण बदललं. कुणी म्हणे समेट झाला. मला दुपारी कळलं. मनात होतं तेच हाताने केलं असणार, याबद्दल मला शंकासुद्धा आली नाही. चाळीची चूक मीच केली होती, ही पण मीच केली. संध्याकाळी कमिटीची माणसं आमच्या घरी आली, सरही होते. मी स्वयंपाकाच्या बाजूला आईजवळ बसले होते आणि माझं नाव निघायची वाट बघत होते. ते निघण्याआधीच अण्णा म्हणाले, "ते मी लिहिलंय."

कुणी विश्वास ठेवला नाही. सर तर मायेनेच म्हणाले की पोरीला पाठीशी घालायचं कारण नाही, चूक कुणाच्याही हातून होते, उद्या दुरुस्तीचं पत्रक काढू म्हणजे झालं. अण्णा म्हणाले, दुरुस्तीचं पत्रक मी लिहिणार नाही, आणि शालूही कापणार नाही. तेव्हा आवाज चढले. कमिटीतला एक जण, ज्याच्या घरी त्या महिन्यात खरोखरच चूल अर्धवेळ पेटत होती, तो अण्णांसमोर उभा राहिला. तो म्हणाला, "माझी बायको पण आजारी आहे, अण्णा. मी गेलो का आत?"

आजही मला त्या माणसाचं बोलणं खोटं वाटत नाही. जे बाहेर राहिले त्यांनी काय सोसलं ते मी पाहिलं आहे, आणि आत गेलेला प्रत्येक माणूस त्यांचं सोसणं वाढवत होता. अण्णांनाही ते कळत होतं. पण ते सरांकडे वळून हळू आवाजात बोलले. "सर, त्या शब्दात ठेवणं पण आहे, असं तुम्हीच सांगितलंत. सुदामला नुसतं खोडलं तर आपल्या हातात अर्धाच शब्द राहील."

सर म्हणाले, "तो वर्ग होता, अण्णा. हा संप आहे."

दुरुस्तीचं पत्रक दुसऱ्या कुणीतरी लिहिलं, दुसऱ्याने कापलं. अण्णांचं नाव कमिटीतून गेलं. अभ्यासवर्ग डोंबिवलीला सरांच्या घरी भरू लागला आणि अण्णांना कुणी ये म्हटलं नाही, नको असंही म्हटलं नाही. आई आणखी तीन-चार आठवडे सवयीने अकरा माणसांची मटकी भिजत घालत राहिली. आम्ही ती सोमवार-मंगळवारपर्यंत खायचो. पत्रक निघालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, सुदाम काका आमच्या दाराशी आले होते. चपला न काढता उंबऱ्याबाहेर उभे राहिले. शर्टाच्या खिशात ते पत्रक घडी करून ठेवलेलं दिसत होतं. अण्णा म्हणाले, "भायेर काय उभारलायस? ये की आत." गावाकडची बोली अण्णा फक्त त्यांच्याशीच बोलत. काका आत आले, जेवले, आणि दोघं कारखान्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. काकांनी कामावर जाणं थांबवलं नाही. नऊ जणांपैकी दोघं मात्र त्या आठवड्यात बाहेर येऊन परत संपात बसले. ते कशामुळे आले हे कुणी विचारलं नाही. संप पुढे काही आठवड्यांनी मोडला. पत्रकामुळे नव्हे. आता त्या जागेवर तीन उंच इमारती आहेत आणि त्यांचं नाव इंग्रजी आहे.

मी त्यानंतर स्टेन्सिल कापली नाही. पुढे ग्रंथालयात नोकरी धरली, लोकांनी लिहिलेलं जपून ठेवण्याची. अण्णांच्या त्या रिकाम्या रविवारांचं ओझं माझ्याकडे होतं. ते एकटे खिडकीशी तीच पुस्तकं पुन्हा पुन्हा वाचत. वाद घालायला समोर कोणी नाही म्हणून समासात स्वतःशीच वाद घालत. आई एकदा भांडी घासताना मला म्हणाली होती, "अगं, तुझ्या हातून झालं असतं तर ते रागावले असते. चाळीच्या वेळी किती बोलले होते तुला." मला वाटलं, ही माझी समजूत घालते आहे. मी अण्णांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते म्हणाले असते, मी लिहिलंय, आणि मला वाटलं असतं, अजून मला पाठीशी घालतायत. माणूस खरं बोलत असतो आणि आपण त्याला चांगुलपणा समजून बसतो, यावर काही उपाय नाही.

अण्णा गेले तेव्हा सुदाम काका हल्ली राहतात त्या मोहन्याहून आले होते, मुलीच्या खांद्याला धरून. त्यांना आता नीट दिसत नाही. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "त्यानं मला जोडा लिवलं, पोरी. नऊ घरांत कुनाला कळलं नाय, मला कळलं." मला तेव्हाही सांगावंसं वाटलं की काका, ती माझी चूक होती. म्हाताऱ्या माणसाकडून एवढं कशाला काढून घ्या, म्हणून गप्प बसले.

गेल्या आठवड्यात अण्णांचा इंग्रजी-मराठी शब्दकोश बांधून ठेवायला घेतला, तर त्यातून एक घडी केलेला कागद पडला. चौकोनी, घडीवर पिवळा पडलेला, स्टेन्सिलच्या मेणाचे दोन डाग. माझ्यापुढून उचलून खिशात घातलेला तोच कागद. नऊ नावं, पत्ते. शेवटच्या ओळीत अण्णांच्या अक्षरात 'मोडा' लिहिलेलं आहे. ते खोडून त्याच्या वर, ओळीच्या जरा वर उचलून, 'जोडा' लिहिलं आहे. मी वरचा शब्द कोरला होता. जसं होतं तसं.

कागद उद्या मोहन्याला घेऊन जाईन. काकांना दिसणार नाही, वाचून दाखवावा लागेल. पण एक गोष्ट वाचून दाखवता येणार नाही, बोटाने चाचपून बघितलं तरी ती जाणवत नाही. अण्णा आयुष्यभर शब्द गिरवून काळा करत आले. इथे त्यांनी 'मोडा'वरून एकच रेघ ओढली आहे, बारीक, आणि खालचा शब्द अजून स्वच्छ वाचता येतो.